दोन पायांमधल्या तीन साखळ्या

क्रोशाची बाहुली घेताना तिच्या तोंडाकडे पाहून भुलू नये. डोळे, गाल, केसांचे झुपके यांत विणणारीने जीव ओतलेला असतोच. बाहुली उलटी करावी आणि दोन पाय धडाला मिळतात तिथे बोट दाबून पाहावं. बहुतेक वेळा तिथे बारीक भोक असतं, आतला कापूस डोकावत असतो, नाहीतर शिवणीचा जाड वळ हाताला लागतो. यांतलं काहीच लागलं नाही, तर घासाघीस न करता सांगितलेले पैसे द्यावेत.

जुनी रीत अशी की डोकं, धड, दोन हात, दोन पाय असे सहा तुकडे वेगवेगळे विणायचे आणि शेवटी सुईदोऱ्याने एकमेकांना जोडायचे. विणताना मजा येते, जोडताना कंटाळा. त्यातून एक पाय पुढे जातो, दुसरा किंचित वर चढतो, आणि बसवलेली बाहुली कलंडते. शिवाय मूल बाहुली उचलतं ते हमखास पायाला धरून. सगळा ताण नेमका त्या शिवणीवर येतो. पाय न शिवता, त्याच धाग्याने पुढे धड विणत नेलं तर हा प्रश्नच उरत नाही. अमिगुरुमी या विणलेल्या खेळण्यांच्या जपानी कलेमुळे ही रीत जगभर पोचली, आणि आज क्रोशाची खेळणी करणाऱ्या कुणालाही ती यावीच लागते.

एक पाय हातात घेऊन पाहू. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या धाग्याच्या कड्यात, सहा मुके खांब (सिंगल क्रोशे), पुढच्या फेरीत बारा, त्यापुढे अठरा. मग वाढवणं थांबवून अठरावरच फेऱ्या घालत गेलं की नळी तयार होते. पहिला पाय झाला की वीत-दीड वीत शेपूट ठेवून धागा कापायचा. दुसरा पाय तसाच विणायचा, पण धागा कापायचा नाही. दुसऱ्या पायावरून तीन साखळ्या घालायच्या, सुई पहिल्या पायाच्या मांडीच्या आतल्या बाजूला खुपसायची आणि त्याच्याभोवती अठरा मुके खांब घालत पूर्ण फिरून यायचं. मग त्या तीन साखळ्यांवर तीन मुके खांब, दुसऱ्या पायाभोवती अठरा, आणि परत साखळ्यांच्या दुसऱ्या अंगाला तीन. अठरा, तीन, अठरा, तीन मिळून बेचाळीस. या फेरीनंतर हातात दोन पाय राहत नाहीत, एक धड सुरू झालेलं असतं. पुढे पोट हवं तसं वाढवावं, मानेपाशी आटवावं.

कागदावर हे सोपं दिसतं. हात अडतो तो दोन जागी.

पहिली जागा म्हणजे साखळी पायाला जिथे टेकते ते दोन कोपरे. तिथे धागा ताणला जातो आणि भोक पडतं. पहिल्या पायाची शेपूट याचसाठी राखलेली असते. ती शिवायच्या सुईत ओवून आतल्या बाजूने दोन-चार टाके घातले की कोपरे मिटतात. शेपूट घाईने आखूड कापणारीला पुढे वेगळा धागा शोधत बसावं लागतं. काही जणी साखळ्या अजिबात घालत नाहीत, पाय थेट एकमेकांना भिडवतात. ठेंगण्या, गुटगुटीत बाहुलीला ते शोभतंही. उंच बाहुलीचे पाय मात्र असे जोडले की सावधान उभे केल्यासारखे दिसतात. मला तीन साखळ्यांची मोकळीक बरी वाटते.

दुसरी जागा फसवी आहे. मुके खांब गोल-गोल घालत गेलं की टाका खालच्या टाक्याच्या नेमका डोक्यावर बसत नाही, जरासा बाजूला बसतो. उजव्या हाताने विणणाऱ्या बाईची फेरी हळूहळू उजवीकडे सरकत जाते. पंधरा फेऱ्यांनंतर फेरीची सुरुवात टाचेवर राहिलेली नसते, भलतीकडे पोचलेली असते. तिथूनच साखळ्या घातल्या तर एक पाऊल पुढे आणि दुसरं दाराकडे पाहतं. म्हणून दुसऱ्या पायावर आणखी चार-पाच मुके खांब घालून सुई मांडीच्या आत आणावी, मगच साखळी सुरू करावी. धागा सुईवरून घेण्याऐवजी सुईखालून ओढला तर टाका फुलीसारखा, घट्ट बसतो आणि सरकणंही कमी होतं. पाय जोडल्यावर फेरीची खूण पाठीच्या मध्यावर हलवावी, नाहीतर पुढे हात लावताना सगळं गणित चुकतं.

भरायचं कधी, तर जोडण्याआधी, पण काठापर्यंत नाही. काठाशी दोन फेऱ्या रिकाम्या ठेवल्या तर सुई फिरते. पावसाळ्यात गोव्यातल्या पेडण्या-डिचोलीच्या घरांत कपाटातले कपडेही ओलसर लागतात. उशीतला सावरीचा कापूस खेळण्यात भरावासा वाटतो, पण तो धुतल्यावर गोळा होतो आणि लवकर वाळत नाही. इथे पॉलिएस्टरचा फायबरच बरा.

गोव्यातला क्रोशा मुख्यतः पोर्तुगीज अमलातल्या कॉन्व्हेंटांच्या शिकवणीतून पसरला. वेदीवरची वस्त्रं, लेस, टेबलावरचे रुमाल. तिसवाडी, बार्देश, साष्टी हा त्याचा मूळ मुलूख. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांकडे बऱ्याच नंतर आलेले मुलूख. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. त्यामुळे खेळण्याची इथली आठवण धाग्याची नाही. डिचोलीची ख्याती समयांची आणि कुंभारकामाची, आणि पेडण्याची सीमा ओलांडली की सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची रंगीत खेळणी. कुंभाराला सांध्याचं दुखणं चांगलं ठाऊक असतं. मातीच्या बैलाला पाय नीट लिंपला नाही, तर भट्टीत तडा जातो तो तिथेच.

आता हरमल, मांद्र्याच्या किनाऱ्यालगत क्रोशाचे कपडे, पिशव्या टांगलेल्या दिसतात, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळाने पर्यटक थेट पेडण्यात उतरतो. गोवा हस्तकला महामंडळही क्रोशाला आपल्या कलांमध्ये धरतं. म्हणजे गिऱ्हाईक दाराशी आहे. अडचण दराची आहे.

दोन सुयांचं विणकाम यंत्रावर गेलं ते १५८९ मध्ये, इंग्लंडच्या विल्यम ली याने मोजे विणण्याचा माग बनवला तेव्हा. क्रोशाचं खरं काम मात्र आजही हातानेच होतं. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्र काढतं, पण अशी बाहुली त्याला जमत नाही. म्हणजे मॉलमध्ये अगदी स्वस्त मिळणारी क्रोशाची बाहुलीसुद्धा कुठल्यातरी देशात कुणीतरी बाई टाका टाका मोजत विणते. तिला किती मिळत असेल, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवर मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की परदेशी बाजारासाठी राबणाऱ्या या बायांना ‘गृहिणी’ ठरवलं की त्यांचं काम फावल्या वेळचं होतं, आणि मजुरीही तशीच. आपल्याकडे ‘अगो, बसल्याबसल्या विणलं’ असं जी स्वतःच म्हणते, तिचाही दर तिथेच पडतो. न शिवता जोडलेले पाय पाहून निदान तिने तरी ते म्हणू नये.

विकायचं असेल तर कायद्याकडेही पाहावं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे कारागिराचं ओळखपत्र काढून ठेवणं शहाणपणाचं. सूट कागदाला आहे, बाळाच्या तोंडाला नाही. प्लास्टिकचे डोळे मागच्या चकतीने अडकवलेले असतात, पण विण सैल असली तर चकतीसकट निसटून बाहेर येतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे धाग्यानेच भरावेत. त्याला वेळ जास्त लागतो, आणि तोही किमतीत धरायचा असतो.