डावा पुदिना, उजवा शोपा

घरात बाळंतशोपा आहे का, आजीला विचारा. नसेल तर किराणा दुकानात मिळेल. शेपूच्या भाजीचं हे चपटं, तपकिरी बी. चिमूटभर घेऊन चुरडा आणि हुंगा. मग पुदिन्याचं एक पान चुरडून तेही हुंगा. आहे काही साम्य? छे! एकाचा वास पाणीपुरीच्या गाडीकडे नेतो, तर दुसऱ्याचा थेट बाळंतिणीच्या खोलीत.

आता गंमत ऐका. या दोन्ही वासांमागे मुख्यतः एकच पदार्थ आहे. त्याचं नाव कार्व्होन. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. पुदिन्यात मोजा नाहीतर शोप्यात, हिशेब तोच. कुठला अणू कोणाला जोडलाय, तेही अगदी तेच. मग वास निराळा कसा?

आपले दोन्ही हात समोर धरा. बोटं तितकीच, त्यांचा क्रमही तोच. तरी उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात धड बसत नाही. कार्व्होनचेही असे दोन अवतार आहेत, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. पुदिन्यातला डावा, शोप्यातला उजवा. ही नावं मी उगाच लाडानं दिलेली नाहीत बरं का. एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश त्यांच्यातून जाऊ दिला, की एक कार्व्होन तो डावीकडे वळवतो आणि दुसरा तेवढाच उजवीकडे! आपल्या नाकात वास ओळखणारी जी प्रथिनं असतात, तीही अशीच एका बाजूची असतात. म्हणून डावा रेणू त्यांच्यात एका तऱ्हेनं बसतो, उजवा दुसऱ्या तऱ्हेनं, आणि मेंदूला दोन वेगळे निरोप जातात.

शास्त्रज्ञांनाही हे सहज पटलं नव्हतं. ‘दोघांपैकी एकात काहीतरी भेसळ राहून गेली असेल, म्हणून वास वेगळा येतो,’ अशी शंका घेतली जायची. शेवटी १९७१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दोन्ही कार्व्होन अतिशय शुद्ध करून तपासले आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात निकाल छापला. भेसळ नव्हती. आपलं नाक खरोखरच डावं-उजवं ओळखतं.

तुम्ही म्हणाल, पुदिन्याच्या गोळीनं तोंड गार पडतं, तेही कार्व्होनमुळेच का? नाही. ते काम मेंथॉलचं, आणि आपल्या बाजारातल्या पुदिन्यात ते फारच थोडं असतं. मेंथॉल मिळतं ते मेंथा नावाच्या भावंडाकडून. उत्तर प्रदेशात त्याची शेतंच्या शेतं असतात. मेंथॉल तोंड थंड करतच नाही, थंडीची खबर देणाऱ्या नसांना नुसतं फसवतं! नसांमधला तो थंडीचा दरवाजा २००२ मध्ये सापडला. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोघांनी तो वेगवेगळा शोधला, आणि दोघांनीही मेंथॉलचाच उपयोग केला. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

बरं, पुदिना हा वास ठेवतो कुठे? पान उलटं करून उन्हात धरा आणि भिंगातून पाहा. बारीक चमकदार ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पातळ पापुद्र्याखाली तेल साठवलेलं असतं, बोट घासलं की पापुद्रा फुटतो. पानं कुरतडणाऱ्या बऱ्याच किड्यांना हा वास नकोसा होतो. आपण मात्र त्याचीच चटणी करतो.

भिंग हातात आहेच, तर पुदिन्याची कोवळी काडी बोटांत फिरवून बघा. ती गोल नाही, चौकोनी लागेल. तुळस, सब्जा आणि कुंडीतला पानओवा यांच्या कोवळ्या काड्याही अशाच, कारण ही सगळी एकाच घराण्यातली. (फोडणीतला ओवा मात्र यांचा कोणी नव्हे. तो शेपूच्या घरचा.)

आता लावायचं. बी शोधत बसू नका, बाजारातली जुडी पुरे. तिच्यातल्या जाडसर, निरोगी काड्या निवडा. पेराच्या किंचित खाली कापा, खालची पानं काढून टाका आणि काडी पाण्याच्या पेल्यात उभी करा. पाणी एक दिवसाआड बदलायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत पेरापासून पांढरी मुळं फुटतील, मग काडी कुंडीत लावा. कुंडी खोल नसली तरी चालेल, पण पसरट हवी, कारण पुदिना मातीखालून आडवे धुमारे सोडत पळतो. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. माती ओलसर हवी, पण कुंडीत पाणी साचू देऊ नका.

चटणीसाठी नुसती पानं ओरबाडू नका, शेंडे खुडा. पुदिन्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. शेंडा गेला की दोन्ही डोळे जागे होतात, एका फांदीच्या दोन फांद्या होतात. जितकं खुडाल, तितका दाट.

एक मात्र ऐका. अंगणातल्या मोकळ्या मातीत त्याला सोडू नका आणि तुळशीच्या कुंडीत तर मुळीच लावू नका. धुमाऱ्यांना कुंपण कळत नाही. एका पावसाळ्यात शेजारचा कोथिंबिरीचा वाफाही पुदिन्याचा होतो.