सायकलच्या फ्रेमला क्रोम नको, कँडी रंग द्या

भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा पोलादनगरीत रोड बाइकची स्टील फ्रेम क्रोमनं चकाकवावीशी वाटली तर नवल नाही, तरी माझा कौल कँडी रंगालाच. मुलामा चढवताना ॲसिडमुळे आणि विजेमुळे हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जास्त ताकदीच्या पातळ नळ्या ठिसूळ होऊ शकतात. मुलाम्यानंतर लगेच भट्टीत तापवलं तर हा धोका कमी होतो, पण प्लेटिंगवाला ते करेलच याची खात्री काय? जुन्या इटालियन फ्रेमना क्रोम असायचंच की, असं कोणी म्हणेल. खरंय, पण अनेकींत ते फोर्क आणि सांध्यांपुरतंच असे.

कँडीत चंदेरी बेसवर पारदर्शक रंग आणि वर क्लिअर कोट येतो, म्हणून चमक खोलवरून येते. टवका उडाला तर टच-अप जुळत नाही, हे मान्य. पण रंग खरवडून पुन्हा देता येतो. मे महिन्याच्या भर उन्हात मात्र फवारू नका, थिनर हवेतच उडून पृष्ठभाग खरखरीत होतो.