हात आणि डोके वेगळे झाले, तेव्हा विज्ञान थांबले

रसायनशास्त्र म्हटले की आपल्या मुलांना परीक्षानळी आणि पाठ न होणारी सूत्रे आठवतात. पण या शास्त्राचा जन्म पुस्तकात झाला नाही. तो झाला लोहाराच्या भट्टीत, कुंभाराच्या आव्यात, चामडे कमावण्याच्या कुंडात. तिथे राबणाऱ्यांनाच पुढे हीन ठरविण्यात आले. म्हणून हा इतिहास आपणही वाचला पाहिजे.

प्रश्न विचारणारा काळ

जग कशाचे बनले आहे, हा प्रश्न तथागतांच्या काळी उघडपणे चर्चिला जात होता. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात अजित केसकंबलाचे मत आले आहे. माणूस पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार महाभूतांचा बनलेला आहे, असे तो म्हणे. बऱ्या-वाईट कर्माला फळ नाही, हे त्याचे म्हणणे बुद्धांना मान्य नव्हते. परंतु शरीराचा विचार त्यांनीही चार महाभूतांच्या आधारेच शिकविला. पुढे वैशेषिकांनी परमाणूची कल्पना मांडली. केवळ परंपरा आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, हा कालामांना दिलेला उपदेश तर विज्ञानाचा पायाच आहे.

वांग्याच्या आकाराची मूस

विचाराला हाताची जोड मिळाली की काय घडते, ते राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे दिसते. जस्त काढणे फार अवघड. सुमारे ९०७ अंशांवर त्याची वाफ होते आणि हवा लागली की ती जळून पांढरी भुकटी उरते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या, त्यांना नळ्या बसविल्या आणि त्या उलट्या ठेवल्या. वर आग, खाली गारवा. वाफ खाली उतरून थंड होई आणि शुद्ध जस्त मिळे. एका भट्टीत अशा ३६ मुशी असत. 'रसरत्नसमुच्चय' या जुन्या संस्कृत ग्रंथातही अशाच मुशीचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ साली, म्हणजे कित्येक शतकांनंतर. चॅम्पियनचे नाव इतिहासात आहे. जावरच्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आचार्य राय यांचे निदान

मग आपले विज्ञान मागे का पडले? थोर रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात स्पष्ट उत्तर दिले आहे. जातिव्यवस्था कडक झाली, हस्तकला खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलल्या गेल्या आणि शिकलेला वर्ग त्यांच्यापासून दूर झाला. सुश्रुताने प्रेताची चिरफाड करून शरीर शिकावे असे सांगितले होते. मनूच्या नियमांनी प्रेताचा स्पर्शही विटाळ ठरविला. जग मिथ्या आहे, या शंकराचार्यांच्या शिकवणीलाही राय यांनी दोष दिला. जग खोटेच असेल, तर त्याची परीक्षा कोण करील?

ज्याच्या हातात कला होती त्याला अक्षर नाकारले. ज्याच्याकडे अक्षर होते त्याला कामाचा विटाळ. चुन्याने कातड्यावरचे केस सुटतात आणि बाभळीच्या सालीने व हिरड्याने कातडे कुजत नाही, हे कमावणाऱ्याला पक्के ठाऊक होते. पण 'का' हा प्रश्न लिहून पुढच्या पिढीला देण्याची सोय त्याला ठेवली नव्हती. जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. त्या विभागणीने देशाचे केवढे नुकसान केले, याचा हा पुरावा आहे.

आपण काय करावे?

बंधू-भगिनींनो, आज अक्षर आपल्या घरात आले आहे. ते पाठांतरात अडकू देऊ नका. रविवारी विहारात मुलांना जमवा. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा. त्यावर साबणाचे पाणी टाका, तो लाल होईल. मग लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. असे का झाले, ते मुलांनाच विचारा. मुलगी असो की मुलगा, प्रत्येकाच्या हाताला प्रयोग आणि डोक्याला प्रश्न मिळू द्या. शेकडो वर्षे वेगळे ठेवलेले हात आणि डोके एकत्र आणणे, हेही धम्माचेच काम आहे.

जय भीम!