बाळाचे कान आणि चेपलेली बाटली

सात महिन्यांच्या मुलीला घेऊन आम्ही प्रथमच लंडनला गेलो. वाटभर ती शांत होती. विमान उतरू लागताच कळवळून रडू लागली. कारण कळले ते पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवरून. उंचावर झाकण घट्ट लावलेली ती बाटली खाली आल्यावर चेपली होती.

उंचावर विमानातील हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंच डोंगरावर असतो, साधारण तितकाच ठेवतात. उतरताना तो वाढतो. कानाच्या पडद्यामागची पोकळी घशाला एका नळीने जोडलेली असते. ही नळी एरवी मिटलेली असते. ती उघडली नाही, तर बाहेरच्या दाबाने पडदा आत ढकलला जातो व दुखतो. गिळताना टाळूचे स्नायू ती उघडतात. तान्ह्या मुलांची नळी अरुंद असते, आणि झोपेत गिळणेही कमी होते.

म्हणून परतताना विमान उतरू लागताच आम्ही मुलीला उठवून पाजले. ती रडली नाही. एका अनुभवाने नियम सिद्ध होत नाही, पण कारण समजले की उपाय सुचतो. बाळाला सर्दी असल्यास मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

सहलीत महाबळेश्वरला अशी बाटली बंद करा आणि पोलादपूरला उतरल्यावर विद्यार्थ्यांना दाखवा.