ग्लोव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ?

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या गळ्याजवळ सेंट्रल लाइन असते, घशात व्हेंटिलेटरची नळी आणि लघवीसाठी कॅथेटर. जंतूंना आत शिरायला वाटा तयारच असतात. त्या वाटांपर्यंत जंतू पोचतात ते बहुतेकदा कर्मचाऱ्यांच्या हातांवरून.

सगळ्यात चिवट गैरसमज ग्लोव्हजचा. ते घातले की हात धुवायची गरज नाही, असं अनुभवी माणसंही धरून चालतात. मुळात ग्लोव्हजना नजरेला न दिसणारी छिद्रं असू शकतात आणि ते काढताना हातांना जंतू लागतात. युरीन बॅग रिकामी करून त्याच ग्लोव्हजनी सेंट्रल लाइनला हात लावला, तर घालणारा सुरक्षित राहतो, रुग्ण नाही. म्हणून एकाच रुग्णाचं मळकं काम आटोपून स्वच्छ कामाकडे वळतानाही ग्लोव्हज बदलायचे आणि मधे हात स्वच्छ करायचे.

‘मी पेशंटला हातच लावला नाही,’ हेही नेहमीचं. पण मॉनिटरचं बटण दाबलं, खाटेचा कठडा धरला, त्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं हातांच्या स्वच्छतेचे पाच क्षण सांगितले आहेत. त्यातला पाचवा रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतरचा आहे.

साबणच खरा, सॅनिटायझर म्हणजे पळवाट, हा समज घरचा आहे. हात मळलेले दिसत नसतील तर वॉर्डात अल्कोहोलचं हँडरबच सरस: 20 ते 30 सेकंदांत काम होतं, साबण-पाण्याला 40 ते 60 लागतात. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू मात्र अल्कोहोलला दाद देत नाहीत; तिथं साबण-पाणीच हवं.

हात न धुणं म्हणजे निव्वळ आळस, हेही पुरतं खरं नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिते यांच्या चमूनं 1994 मध्ये पाहणी केली, तेव्हा गरजेच्या 48 टक्के वेळाच हात स्वच्छ केले जात होते. कामाचा रेटा जितका जास्त, तितकं हे प्रमाण कमी. अतिदक्षता विभागात तर सगळ्यात कमी. मग हँडरबच्या बाटल्या खाटेशी आल्या, भिंतींवर पोस्टर लागली, मोजणीचे निकाल कर्मचाऱ्यांना कळवले जाऊ लागले. 1997 पर्यंत प्रमाण 66 टक्क्यांवर गेलं, रुग्णालयात होणारे संसर्गही घटले. ही वाढ मुख्यतः नर्सेसची होती. डॉक्टर मागेच राहिले, आणि शिक्षण कमी पडलं म्हणावं तर तेही नाही.