हे खरे आहे काय?

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की आमदाराच्या कचेरीतले वातावरण बदलते. एरवी बदल्यांचे अर्ज, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि लग्नपत्रिका यांनी भरलेले टेबल रिकामे केले जाते आणि त्यावर गावोगावची निवेदने येऊन पडतात. एका अवर्षणग्रस्त मतदारसंघाच्या आमदारांसाठी प्रश्न आणि लक्षवेधी लिहून देण्याचे काम मी काही वर्षे केले. आमदार सभागृहात बोलतात ते टीव्हीवर दिसते. त्या दोन-तीन मिनिटांच्या मागे काय असते, ते फारसे कुणी पाहिलेले नसते. म्हणून हा लेख.

गावाचे निवेदन बहुतेक वेळा चार ओळींचे असते. गावाला पाणी नाही, नळ योजनेचे काम बंद आहे, तरी साहेबांनी लक्ष घालावे. खाली सरपंचांचा शिक्का, सह्या, अंगठे. निवेदन खरे असते, पण ते जसेच्या तसे सभागृहात नेले तर शासनाकडून एकच उत्तर येते : काम प्रगतिपथावर आहे. या उत्तरात खोटे काही नसते आणि गावाच्या हाती काही लागतही नाही. त्यामुळे आमचे पहिले काम म्हणजे गाठ नेमकी कुठे बसली आहे ते शोधणे.

असे एक निवेदन घेऊन आलेल्या सरपंचांशी झालेले बोलणे मला जवळपास शब्दशः आठवते.

“विहीर झाली का?”

“झाली. पाणीबी चांगलं लागलंय.”

“टाकी?”

“टाकी दोन वर्षं झाली उभी हाय. पोरं सावलीला बसत्यात तिच्या.”

“मग पाइप?”

“रस्त्यापतुर आलाय. पुढं खोदू देत न्हाईत.”

शेवटच्या वाक्यात सगळा प्रश्न होता. योजना एका खात्याची, रस्ता दुसऱ्या खात्याचा. रस्त्याकडेने जलवाहिनी टाकायला त्या दुसऱ्या खात्याची परवानगी लागते. पत्र गेले होते, त्यावर त्रुटी काढून ते परत आले होते आणि पुढे कुणीच हलवले नव्हते. गाव पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात खेटे घालत होते आणि अडवणूक भलतीकडेच होती. तालुक्याच्या पातळीवर दोन खात्यांना एका टेबलावर बसवणारे कुणी नसते. सभागृहात मात्र दोन्ही खात्यांचे मंत्री एकाच छताखाली असतात. आमदाराची ताकद मला तिथे सर्वांत जास्त जाणवत आली आहे.

मग कागद गोळा करायचे. कामाचा कार्यारंभ आदेश, कंत्राटदाराला दिलेली मुदतवाढ, ग्रामसभेचा ठराव, परवानगीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि टँकरच्या खेपांची नोंद. जावक क्रमांकाचे महत्त्व बाहेरच्या माणसाला पटत नाही. “वारंवार पाठपुरावा करूनही” असे लिहिले तर अधिकारी शांत असतात. अमुक तारखेचे, अमुक क्रमांकाचे पत्र असे लिहिले की फाइल काढावीच लागते.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. एक, अमुक गावात अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय? तीन, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली? चार, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? पहिल्या भागात एखादा तपशील चुकला, गावाचे नाव किंवा महिना इकडचा तिकडे झाला, तर उत्तर येते : हे खरे नाही. आणि त्याखाली उरलेल्या सगळ्या भागांना मिळून एकच ओळ : प्रश्न उद्भवत नाही. तहानलेल्या गावाबद्दल छापील कागदावर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे वाचणे फार जड जाते. म्हणून पहिला भाग असा बांधावा लागतो की ‘होय, हे खरे आहे’ याशिवाय दुसरे उत्तर देताच येऊ नये. त्यात विशेषण नको, आरोप नको, फक्त तपासता येईल अशी वस्तुस्थिती हवी.

कोणते आयुध कधी वापरायचे हेही शिकावे लागते. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि उपप्रश्न विचारता येतो. पण विधानसभेत 288 सदस्य आहेत आणि प्रश्नोत्तराचा तास एकच. यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे छापील स्वरूपात पटलावर येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आकडेवारी काढून घ्यायची असेल तर हाच मार्ग चांगला. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी नियम 105 खाली लक्षवेधी. मिळालेल्या उत्तरातून नवे काही निघाले तर अर्धा तास चर्चा मागता येते. औचित्याच्या मुद्द्याने विषयाची नोंद होते, मंत्र्यांवर लगेच उत्तराचे बंधन मात्र येत नाही.

वेळही पाहावी लागते. पाण्याचा विषय मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आला तर तोवर टँकर सुरू झालेले असतात आणि सगळी चर्चा टँकरभोवती फिरते. पावसाळी अधिवेशनात आला तर आभाळाकडे बोट दाखवता येते. 1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन नागपुरात होते, ते हिवाळी अधिवेशन आम्हाला यासाठी सर्वांत सोयीचे वाटे. डिसेंबरमध्ये उत्तर मिळाले तर उन्हाळ्याआधी खोदकामाला हाताशी काही महिने उरतात. त्या गावाची लक्षवेधी आम्ही तिथेच दिली आणि ती लागली.

लक्षवेधी लागली की मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत फोन सुरू होतात. माहिती मागवली जाते, टिपणी तयार होते, मंत्र्यांचे ब्रीफिंग होते. अनेकदा निम्मे काम या दोन दिवसांतच होऊन जाते. वर्षभर सापडत नसलेले पत्र सापडते. त्या गावाच्या बाबतीत लक्षवेधीच्या आदल्या संध्याकाळी त्रुटींची पूर्तता झाली, पण परवानगी निघाली नव्हती.

मंत्र्यांचे निवेदन सदस्यांना छापील मिळते. ते वाचून उपप्रश्न ठरवायला हाती फार वेळ नसतो. आमदारांना मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत दोनच ओळी लिहून दिल्या होत्या : परवानगी कोणत्या तारखेला मिळणार? पाणी कोणत्या महिन्यात येणार? त्यांच्याकडे बोलायला खूप होते. मतदारसंघातल्या साऱ्या गावांची कैफियत मांडायचा मोह होतो आणि तो स्वाभाविक आहे, कारण लोक मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहत असतात. पण भाषण लांबले की उत्तरही लांबते, आणि लांब उत्तरात तारीख हरवते. आमदारांनी गावाचे नाव घेतले, पत्राचा क्रमांक वाचला आणि पहिला प्रश्न विचारला. मंत्री म्हणाले, लवकरच परवानगी देण्यात येईल. “अध्यक्ष महोदय, लवकरच म्हणजे किती दिवसांत?” अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठी आली. मंत्र्यांनी ती वाचली आणि पंधरा दिवसांत, असे सांगितले. प्रतिवेदकांनी ते टिपले. सभागृहाच्या कार्यवाहीत शब्द उतरला.

इथून पुढचे काम कुणाला दिसत नाही आणि त्यातच खरी कसोटी असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द हे आश्वासन ठरते. कार्यवाहीतून अशी आश्वासने वेगळी काढली जातात आणि ती पूर्ण झाली की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. पण समितीसमोर आश्वासनांचा डोंगर असतो. त्यामुळे कार्यवाहीची प्रत मिळवायची, त्या उताऱ्यावर खूण करायची, ती जोडून दोन्ही खात्यांना पत्र पाठवायचे आणि मुदत संपल्यावर पुन्हा विचारायचे, हे आमदाराच्या कचेरीनेच करावे लागते. आम्ही ते केले. परवानगी मुदतीनंतर आली, पण आली. त्या उन्हाळ्यात गावात टँकर आला नाही.

सगळीच गावे इतकी सुदैवी नसतात. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाया गेला की माझ्या डोळ्यांसमोर त्या दिवशीच्या यादीतली गावे येत. छापील उत्तर पटलावर येते, पण “लवकरच म्हणजे किती दिवसांत?” हे विचारण्याची संधी गेलेली असते. मोठ्या प्रश्नांवर सभागृह पेटते, पेटायलाही हवे. त्याची किंमत मात्र ज्यांना दुसरे व्यासपीठ नाही अशी छोटी गावे मोजतात.

चिकाटी म्हणजे काय हे पाहायचे तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवावेत. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस 1962 मध्ये प्रथम विधानसभेत आला आणि सोलापूर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यातून 11 वेळा निवडून गेला. मंत्रिपद थोडा काळ मिळाले, बहुतेक वर्षे विरोधी बाकांवर गेली. कृष्णेचे पाणी टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांतून दुष्काळी भागाला मिळावे ही मागणी त्यांनी दशकानुदशके सोडली नाही. सभागृहात आणि सभागृहाबाहेरच्या पाणी परिषदांतही ती ते मांडत राहिले. सरकारे बदलली, मंत्री बदलले, प्रश्न विचारणारा तोच राहिला. एका प्रश्नाने कालवा येत नाही. पण प्रत्येक उत्तर जपून ठेवून पुढच्या अधिवेशनात त्याच्याच आधाराने पुढचा प्रश्न विचारणारा प्रतिनिधी असेल, तर टाळाटाळीची जागा दर वेळी थोडी कमी होते.

आपण मतदार आमदाराला बहुधा एवढेच विचारतो : आमच्यासाठी बोललात का? भाषणाची चित्रफीत फिरते आणि समाधान होते. यापुढे विचारायला हवे ते वेगळे : उत्तर काय मिळाले, त्यात तारीख होती का, आणि ती तारीख उलटल्यावर तुम्ही काय केले? विधिमंडळाची कार्यवाही हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, तो कुणालाही वाचता येतो. ग्रामसभेत तो उतारा मोठ्याने वाचून दाखवायला पाच मिनिटे पुरतात. गाव ती पाच मिनिटे देऊ लागले, तर चांगल्या आमदाराच्या हाताला बळ येईल आणि निवांत आमदारालाही पुढच्या अधिवेशनाची तयारी करावी लागेल.