बक्षीस जाहीर, चाळ क्रमांकासह!

वरळीच्या बी. डी. डी. चाळींत ज्यांचे बालपण गेले, अशी कितीतरी घरे आज वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीत आहेत. कुटुंब वाढले, १६० चौरस फुटांची खोली पुरेना, म्हणून सिडकोचे घर घेऊन आम्हीही खाडी ओलांडली. पण १४ एप्रिल आला की पाय वरळीकडेच वळत. दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत गायन पार्ट्यांचा सामना असे, तो ऐकायला.

आमची ती जागा पुनर्विकासात गेली. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरातच नळ, घरातच संडास! मजल्यावरच्या सामाईक नळापुढे जन्म काढलेल्या आयाबहिणींचे हे सुख आम्हाला का खुपावे? चाळ पडली म्हणून गळा काढणारे आम्ही नव्हेत. जीव तुटतो तो त्या अंगणासाठी.

१९२० च्या दशकात सरकारने या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ. खोलीत चौघे बसले की पाचव्याला जागा नाही. मग अभ्यास, भांडण, लग्न, सभा, सारे खाली. जयंतीला बाकडी जोडून मंच होई. बुद्धवंदना झाली की पेटी, ढोलकी, बेंजो घेऊन पहिली पार्टी उभी राही. चारही मजल्यांच्या खिडक्यांत माणसे. गाणे रंगले की कोणी रुपया पुढे करी आणि गायक पेटी थांबवून देणाऱ्याचे नाव चाळ क्रमांकासह पुकारी. त्या पुकाऱ्यासाठी गिरणीतली पाळी चुकवणारे आम्ही पाहिले आहेत.

जलशाची ही परंपरा बाबासाहेबांच्या हयातीतली. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज घेतला, त्यातली देवादिकांची स्तुती बाजूला सारली आणि शिक्षणाची, हक्काची गोष्ट गावोगाव नेली. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) तर शिवडीच्या बी. डी. डी. चाळीतच राहत. तिथे एकाने त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले. दादांना अक्षर येत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग ते देहलवी मास्तरांकडे बाराखडी शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत पुढे गेले. चाळीचे अंगण म्हणजे काय, हे यावरून समजावे.

गेल्या जयंतीनंतरच्या एका रविवारी कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात आम्ही जुने शेजारी जमलो. ठरले असे, की सतरंज्या चाळींप्रमाणेच घालायच्या, मध्ये वाट सोडायची आणि गाणाऱ्याने त्या वाटेत उभे राहूनच गायचे. बक्षीसही जुनेच, एक रुपया. पहिल्याच गाण्याला एका आजोबांनी रुपया काढला. पेटीवाल्याने त्यांचे नाव आणि पाडलेल्या चाळीचा क्रमांक पुकारला, तेव्हा टाळी वाजायला क्षणभर वेळ लागला. नातवंडे कोऱ्या चेहऱ्याने बघत होती. त्यांची जयंती म्हणजे डीजे, छातीत धडधडणारा. त्यांना तरी काय दोष द्यावा? ढोलकीला ताल धरायचा असतो, हे आम्ही त्यांना कधी शिकवले?

दहा वाजता माईक बंद झाला. २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. रात्रभराच्या सामन्यांचा गळा तिथेच आवळला गेला. नियम चुकीचा म्हणवत नाही, आजारी माणसे प्रत्येक इमारतीत असतात. बिनमाईकचे पुढे चालले.

मग आमच्या आत्याबाई उठल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांनी गायलेले गाणे कोणत्या कॅसेटवर नाही, पुस्तकात नाही. आमच्याच चाळीतल्या एका गिरणी कामगाराने त्या अंगणासाठी रचलेले, संपाच्या वर्षी, १९८२ मध्ये. धृपद झाले, दोन कडवी झाली. तिसऱ्याला त्या अडल्या. झिलकरी बायकांनी धृपद पुन्हा धरले, एकदा, दोनदा, तीनदा. आत्याबाई डोळे मिटून हाताने ताल देत राहिल्या. शब्द आले नाहीत.

सूनबाईंनी दोन कडवी वहीत उतरवली आहेत. खाली पाच ओळींची जागा कोरी ठेवली आहे. ते गाणे तेव्हा मागे साथीला असलेली एक बाई आता नेरूळला राहते असे कळते. येत्या रविवारी वही घेऊन आम्ही तिकडे जाणार आहोत.